बोरखेडी फाट्यापर्यंतची गोष्ट

“किसनराव उमाटे?” सुमित्राबाईने रिकामी टोपली पायाशी ओढून घेतली आणि मान वर करून पौर्णिमाकडे पाहिलं. “मिशीवाला? जिनिंगमध्ये फिटर होता, तो?”

“तोच. माणूस कसा हाय?”

“तुले काऊन पाह्यजे?”

“खालच्या दोन खोल्या रिकाम्या हायेत त्यांच्याकडे. आईले आणतो म्हणतो हिंगणघाटले.”

अल्लीपूरहून निघालेली दुपारची गाडी निम्मी रिकामी होती. सुमित्राबाई बोरखेडीची. अल्लीपूरला भाजी विकून ती रोज याच गाडीने परत जायची. कंडक्टरच्या सीटसमोरची जागा तिची ठरलेली होती, आणि आजूबाजूच्या चार गावांत कोणाचं काय चाललंय हे विचारायचं तर पौर्णिमाच्या मते तिच्याइतकं खात्रीचं माणूस नव्हतं.

सुमित्राबाईने आवाज खाली आणला. “माही लेक त्याच गल्लीत दिली हाय. तिच्या डोळ्यांदेखत झालं, बाई. भाडेकरूचं सारं सामान रस्त्यावर फेकलं त्यानं. पलंग, गादी, कूलर, सारं. भर दुपारी. अख्खी गल्ली जमा झालती. अन् त्या भाडेकरूची बायको...”

“बोरखेडी! फाटा आला, मावशी!” पुढून ड्रायव्हर हरिदास ओरडला आणि गाडी थांबली.

“आलो, आलो. कुठं पळून जाते का फाटा!” सुमित्राबाई टोपली डोक्यावर घेत उठली. “मंग सांगतो बाई तुले,” म्हणत उतरून गेली.

पौर्णिमाने दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली.

अकरा वर्षांच्या नोकरीत तिने किती गोष्टी ऐकल्या होत्या, आणि त्यातली एकही धड शेवटपर्यंत नाही. लग्न मोडल्याची गोष्ट धोत्रा गावापर्यंत, विहिरीच्या भांडणाची शाळेच्या स्टॉपपर्यंत. पुढचं आपण लावून घ्यायचं. या गोष्टीचं पुढचं मात्र लावावं लागलं नाही. भाड्याने राहणाऱ्या बाईला सामान रस्त्यावर आलं एवढं कळलं की पुरे होतं.

घर पाहण्याआधी माणूस पाहायचा, हे तिला आईने शिकवलं होतं. आणि माणूस पाहायला एसटीसारखी जागा नाही. एका घराचा मालक सकाळी आठलाच नळाची चावी बंद करून घेतो, हे तिला जाम गावच्या गाडीत कळलं. दुसऱ्या घराचा मालक भाडेकरू घरी नसताना कुलूप उघडून आत जातो, हे अल्लीपूरच्या. दोन्ही घरं तिने न पाहताच सोडली. हिंगणघाटला तिच्याबरोबर एका खोलीत राहणाऱ्या दोघी कंडक्टर हसायच्या. “तू घर शोधून राह्यली का जावई?”

हसायला त्यांचं काय जात होतं! त्यांच्या आया भावांजवळ होत्या. पौर्णिमाची आई जिजाबाई अल्लीपूरला एकटी होती. मागच्या दिवाळीनंतर ती न्हाणीत पडली आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, तशीच पडून राहिली. हाड मोडलं नाही. पण तेव्हापासून फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही, तर पौर्णिमा पुढच्या स्टॉपवर शेजारणीला फोन लावायची.

जिजाबाई यायला तयार होती. तिची अट एकच होती.

“फोटो पुढच्या खोलीत लागला पाह्यजे. मांगच्या खोलीत नाई, कपाटात नाई. लपून राहाले मी येत नाई, पुनी.”

सहा वर्षांपूर्वी मायलेकी एकदा हिंगणघाटला राहून आल्या होत्या. मालक फार गोड माणूस. जिजाबाईला ‘माय’ म्हणायचा. दलालाने आडनाव त्याला सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मालकाने उघड्या दारातून भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला, आणि आठवडा संपायच्या आत त्याचा भाचा शिकायला येणार असल्याचं ठरलं. त्याने सामान फेकलं नाही. उलट टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला, आणि त्या घाईत फोटोच्या काचेचा कोपरा तडकला. जिजाबाईने फोटो चादरीत गुंडाळला, काच छातीकडे करून मांडीवर धरला आणि अल्लीपूर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

ती काच अजून तीच होती.

त्यानंतर पौर्णिमाने एक रीत ठरवली. फाटकातच सगळं सांगून टाकायचं. मागच्या रविवारी किसनरावांच्या फाटकात उभी राहूनही ती तसंच म्हणाली, “मी पौर्णिमा थूल. एसटीत कंडक्टर. घरी मी अन् माही आई, जिजाबाई. आमी जयभीमवाले.”

हे सांगून झालं की समोरच्याचे डोळे कुठे जातात ते ती पाहायची. कोणाचे जमिनीकडे जात, कोणाचे आत स्वयंपाकघराकडे. कोणी एकाएकी जास्तच हसायला लागत. किसनरावांचे डोळे तिच्या पायांकडे गेले.

“चपला बाहेर काढजो,” ते म्हणाले. “आत्ताच पुसलं हाय.”

खोल्या चांगल्या होत्या. सकाळचं ऊन पुढच्या खोलीत अर्ध्यापर्यंत येत होतं. पौर्णिमाने नळ सोडून धार पाहिली. पाय ओला करून न्हाणीच्या फरशीवर घासून पाहिला. फरशी खरखरीत होती, पाय सरकला नाही. उंबरा बेताचा होता. किसनराव दारात हाताची घडी घालून हे सगळं पाहत होते. मध्येच त्यांनी बोटाच्या पेराने एक भिंत ठोकली.

“ही चार इंची हाय. पलीकडं आमी राहतो. इकडलं तिकडं ऐकू येते. सांगून ठेवतो.”

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते प्रश्न तिला मुळीच आवडले नाहीत. घरात पिणारं कोणी? येणंजाणं कोणाचं? मायलेकी एकमेकींवर आवाज चढवून बोलता का?

“नाई,” पौर्णिमा तिन्ही वेळा म्हणाली. तिसऱ्या वेळी तिचे कान तापले होते. मग तिने विचारलं, “पहिले कोण राहत होते इथं?”

“होते एक.”

“काऊन गेले?”

किसनरावांनी त्या चार इंची भिंतीकडे पाहिलं. “गेले,” ते म्हणाले. आणि फाटकापर्यंत येऊन, “घरी विचारून सांगतो.”

हे वाक्य तिने याआधी चार दारांत ऐकलं होतं. त्याचा अर्थ तिला पाठ होता. तरी त्या उन्हामुळे आणि खरखरीत फरशीमुळे तिने थोडी आशा ठेवली होती. ती आता बोरखेडी फाट्यावर उतरून गेली.

“सामान रस्त्यावर फेकते म्हणते?” संध्याकाळी जिजाबाई फोनवर म्हणाली. “मंग नको. ऊन काय, अल्लीपूरलेबी हाय.”

*

पुढच्या आठवड्यात पौर्णिमाची आणि हरिदासची ड्यूटी बदलली. आता जामच्या फेऱ्या होत्या. सुमित्राबाईची भेट त्यामुळे नव्हतीच, आणि पौर्णिमाला ती लागणारही नव्हती. तिने दुसऱ्या दोन घरांची चौकशी सुरू केली. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी सगळा रस्ता भरलेला असायचा. कडेच्या बाभळींवर सुटा कापूस अडकून राहिला होता, आणि लांबून पाहिलं तर त्यांना पांढरा मोहोर आल्यासारखा वाटायचा.

सोमवारी दुपारी एक बाई हिंगणघाटला चढली. साठीच्या आतबाहेरची, हिरव्या काठाचं लुगडं, मांडीवर पिशवी. तिने जामचं अर्धं तिकीट घेतलं आणि दरवाज्याजवळच्या सीटवर बसली. जामला सगळे उतरले. ती उतरली नाही.

“बाई, जाम आलं.”

“दिसून राह्यलं मले. वापसीचं तिकीट दे.”

पौर्णिमाने तिकीट दिलं. बाई तशीच परत आली. बुधवारी ती पुन्हा चढली आणि पुन्हा तेच.

“पौर्णिमाबाई, ध्यानात येऊन राह्यलं का तुमच्या?” जामच्या टपरीवर चहा घेताना हरिदासने गाडीकडे भुवई उडवली. “ते बाई चेकिंगवाली हाय.”

“काहीतरीच तुमचं.”

“नवीन पथक निंगालं म्हणते, साध्या कपड्यात. बायाबी हायेत त्यात. नाई तं मले सांगा, जामले येऊन जाम न पाहता कोण वापस जाते? ना संत्रं घेतलं, ना चहा घेतला. नुसती तुमाले पाहून राह्यली. मीबी आता गाडी तीनशे सीटच्या विमानावाणी चालवतो, पाहा तुमी.”

पौर्णिमा हसली, पण परतीच्या वाटेवर तिने सगळ्यांची तिकिटं एकदा जास्तच तपासली. बाई पाहत होती. नजर हातांकडे नव्हती, मशीनकडे नव्हती. तोंडाकडे होती.

शुक्रवारी बाई तिसऱ्यांदा आली, आणि त्याच फेरीत तो माणूस चढला. भरदुपारी चांगलाच झोकलेला. उभ्या गर्दीत एका म्हातारीचा पाय त्याच्या पायावर पडला आणि त्याचं तोंड सुटलं. म्हातारी आधी “चुकलं बाप्पा” म्हणाली, मग पदर तोंडाला लावून खाली पाहू लागली. तो थांबेना. आजूबाजूचे खिडकीबाहेर पाहू लागले.

पौर्णिमाने दोरी एकदा ओढली.

गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली थांबली. हरिदासने इंजिनही बंद केलं. एकदम शांत झालं.

“दादा,” पौर्णिमा म्हणाली, “गाडी तुमच्यासाठीच थांबली हाय. तुमचं बोलणं झालं का सांगा, मंग सुटू.”

तो माणूस तिच्याकडे पाहत राहिला. इंजिनाच्या आवाजात जे शब्द सहज निघत होते, ते त्या शांततेत काही केल्या निघेनात. मागून कोणीतरी म्हणालं, “बोल ना भाऊ, आमीबी ऐकतो.” गाडीत हशा पिकला. तो दांड्याला धरून बुडाखाली सापडेल त्या पायरीवर बसला. पौर्णिमाने एका पोराला उठवून म्हातारीला जागा करून दिली आणि दोरी दोनदा ओढली.

जामला गाडी रिकामी झाली. हिरव्या काठाची बाई बसूनच होती.

“आवाज नाई चढवला तू,” ती म्हणाली.

“चढवून काय होते, बाई? इंजिनापुढं ऐकू जाते का कोणाले?” आणि मग पौर्णिमाला राहवलं नाही. “तुमी चेकिंगवाल्या असान तं तसं सांगून द्या. ड्रायव्हरची भूक मेली हाय तीन दिसांपासून.”

बाई आधी गोंधळली, मग इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. “मी? अवो, मी कायची चेकर! मी कोकिळा. किसनराव उमाट्यांची घरची.”

पौर्णिमा समोरच्या सीटवर बसली.

“घर पाह्यले आलं का सारेच गोड बोलते, पोरी. मांगचाबी गोडच बोलला होता. मले काकू म्हणे. म्हणून म्या यांले म्हटलं, आता असं नाई ठेवायचं कोणाले. कामावर कशी बोलते ते मी पाहून येतो, मंग सांगा तिले.”

“तीन खेपा?”

“पहिल्या दिशी कोणीबी नीट वागते. तिसऱ्या दिशी माणूस थकते.”

पौर्णिमाला राग आला होता की हसू, हे तिचं तिलाच कळेना. तिने स्वतः गाडीत त्यांची चौकशी केली होती. राग धरायला तिला जागा नव्हती.

“मले वाटलं,” ती म्हणाली, “आमचं आडनाव ऐकून थांबले तुमी.”

कोकिळाबाईंनी पिशवीचे बंद दोन्ही हातांनी सारखे केले.

“खोटं काऊन बोलू? शेजारीण आलतीच सांगाले. म्हणे, आपल्यातलं पाहा ना कोणी. म्या म्हटलं, मांगचा आपल्यातलाच होता. नातंबी निघालं होतं मामाकडून. तो बायकोले मारे, तं भिंतीतून आवाज येई. दीड वर्स ऐकलं आमी. पहिले वाटे, लोकायच्या घरातलं हाय, आपण कसं बोलावं. मंग एका दुपारी पोरगी बी रडली. तं हे उठले. बायकोले अन् पोरीले माह्या सैपाकखोलीत बसवलं, अन् त्याचं सारं सामान उचलून रस्त्यावर फेकलं. पलंग एकट्यानं काढला यांनी. या वयात. आठ दिस कंबर धरून होते.”

*अन् त्या भाडेकरूची बायको...* पौर्णिमाला सुमित्राबाईची डोक्यावर चढणारी टोपली आठवली.

“त्या कुठं हायेत आता?”

“महिनाभर होत्या माह्याजवळ. मंग भाऊ आला, घेऊन गेला. पोरगी फोन करते कधी कधी.” कोकिळाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. “खोल्या तवापासून रिकाम्या हायेत. भिंत लय शांत झाली हाय. तेबी चांगलं नाई वाटत.”

बाहेर हरिदास चहाचा ग्लास ठेवून गाडीकडे पाहत उभा होता, यावं की न यावं अशा बेताने.

“माही एक अट हाय, काकू,” पौर्णिमा म्हणाली. ‘काकू’ म्हटल्यावर तिला वाटलं, नको होतं म्हणायला. पण बाईंनी ते घेतलं. “आईची हाय. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो लागते. दारातून दिसते असा.”

“मंग लाव ना. पण एक सांगतो, खिळा ठोकायच्या आधी यांले विचारजो. भिंतीले ते लय जपते. मलेबी कॅलेंडर लावू देत नाई.”

*

पौर्णिमाने त्या दिवशी आईला काही सांगितलं नाही. बाईमाणूस हो म्हणालं, तरी फाटकातला माणूस काय म्हणतो ते कळायचं होतं. शनिवार तसाच गेला. रविवारी सकाळी ती अल्लीपूरला अंगणात आईचे केस विंचरून देत होती, तेव्हा फोन वाजला.

“किसनराव बोलून राह्यलो.” मग लगेच, “फोटो किती इंची हाय?”

“जी?”

“फोटो. लांबी-रुंदी. फ्रेम लाकडाची का अॅल्युमिनियमची?”

“लाकडाची हाय. जुनी.”

“मंग वजन असन. नुसता खिळा जमत नाई तिथं, प्लास्टर निंगते. ड्रिल मारून लाकडी गट्टू बसवा लागते. मोजून सांगा, मी आजच करून ठेवतो. चुना पडते मंग, पुसा लागते.” आणि मग, “तुमच्या आईले म्हणा, न्हाणीत धराले दांडा बसवतो. पायपाचा हाय माह्याजवळ तुकडा.”

फोन ठेवला गेला. जिजाबाईने सगळं ऐकलं होतं. कानाने ती पक्की होती. तिने अर्धवट वेणी हातात धरली, उठून आत गेली आणि शिवणाच्या पेटीतली टेप घेऊन आली.

“चाल, मोज,” ती म्हणाली. “माणूस भिंतीले जपते म्हणजे बरा असन.”

*

पौर्णिमाची ड्यूटी पुन्हा अल्लीपूरला लागली त्या आठवड्यात जिजाबाई निघाली. सामान सकाळीच टेम्पोने गेलं होतं. फोटो मात्र तिने टेम्पोत दिला नाही. दुपारच्या गाडीत ती पहिल्या सीटवर बसली, चादरीत गुंडाळलेली फ्रेम मांडीवर, काच छातीकडे. पौर्णिमाने ते पाहिलं. हातांची सवय होती ती, सहा वर्षांची.

“तिकीट दे,” जिजाबाई म्हणाली.

“देतो ना.”

“फोटोचं लागते का?” हरिदासने मान वळवून विचारलं.

“तो माह्याआधीपासून प्रवास करून राह्यला, बाप्पा,” जिजाबाई म्हणाली. “त्याले काय विचारतो?”

शेवटच्या क्षणी सुमित्राबाई टोपल्यांसकट चढली आणि जिजाबाईच्या शेजारी टेकली. “कुठं निंगाली माय?”

“पोरीकडे. हिंगणघाटले. घर भेटलं.”

“कोणाचं?”

“उमाट्यांचं.”

सुमित्राबाईने पौर्णिमाकडे पाहिलं. “म्हणजे माही गोष्ट ऐकूनबी घेतलं?”

“अर्धीच सांगितली तुमी, मावशी. फाटा आला.”

“अवो, मंग खरी गोष्ट तं पुढंच होती!” सुमित्राबाई सीटवर सरसावून बसली आणि जिजाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून तिने पहिल्यापासून सुरू केलं. कडाक्याचं ऊन, गल्लीतली माणसं, कंबर धरून पलंग ओढणारे किसनराव, रस्त्यात उभा राहून हातवारे करणारा तो भाडेकरू. मागच्या सीटवरचेही ऐकायला पुढे वाकले. सुमित्राबाई घाईत नव्हती. बाभळी मागे पडत होत्या.

“बायको-पोरगी किसनरावच्या बायकोनं आत घेतल्या. सामान सारं बाहीर. गल्ली म्हणे आता मारामारी होते. तं किसनराव पुन्हा रस्त्यावर आला, अन्...”

“बोरखेडी फाटा!” हरिदासने ब्रेक लावला.

सुमित्राबाई सवयीने उठली. टोपल्या उचलून दारापर्यंत गेली, एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. खालून चढणारं कोणी नव्हतं. हरिदास घंटीची वाट पाहत आरशात बघत होता.

पौर्णिमाचा हात दोरीवर होता. तिने ती ओढली नाही.

“पुरं सांगा, मावशी,” ती म्हणाली. “गाडी थांबली हाय.”

सुमित्राबाई पायरीवरच वळली. “काय नाई बाई, एवढंच. त्या सामानात पोरीचं दप्तर होतं. किसनरावनंच फेकलं होतं रागारागात. तं हा आला, त्या साऱ्या पसाऱ्यातून ते दप्तर उचललं, खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं, अन् दोन्ही हातांनी धरून आत घेऊन गेला. भाडेकरूकडे पाह्यलंबी नाई. बस. माही लेक म्हणे, आई, ते पाहून गल्ली आपापल्या घरी गेली.”

ती उतरली.

जिजाबाईने चादरीची गाठ सोडली. फ्रेम मांडीवर फिरवली, काच समोर केली. पदराच्या टोकाने तडकलेला कोपरा जपून पुसला, मग बाकीची काच. आणि फ्रेम दोन्ही हातांनी सरळ धरून, चढणाऱ्या-उतरणाऱ्या कोणालाही दिसेल अशी, ती ताठ बसली.

पौर्णिमाने दोरी दोनदा ओढली.